लाइनवर खापर फोडण्याआधी

घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज एकदा उडाला तर माणूस तो बदलतो आणि विसरतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उडाला की चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक निदान तयारच असते: लाइनच खराब आहे. या निदानाला आधार नाही असे कुणी म्हणणार नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट असली तरी एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याकडे जाणाऱ्या तारा मैलोन् मैल जंगलातून जातात. वादळात फांदी टेकली की लाइन जाते, येते, पुन्हा जाते. शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी दाब खाली बसतो आणि मध्यरात्री लोड उतरला की वर चढतो. तरीही माझे म्हणणे असे की फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे, असे धरूनच कामाला लागावे. वाढलेला दाब फ्यूज थेट उडवत नाही. आत जी वस्तू आधीच तोकडी आहे, चुकीची जोडली आहे किंवा ओल धरून बसली आहे, तिला तो उघडी पाडतो. लाइन सुधारणे आपल्या हातात नाही, ती वस्तू शोधणे मात्र आहे.

हे नुसते मत नाही, त्याला हिशेबाचा आधार आहे. आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक दोन ईएल ८४ व्हॉल्व्हचा पुश-पुल अ‍ॅम्प्लिफायर बांधतात आणि त्यामागे कारण आहे. १९५० च्या दशकात मुलार्ड कंपनीने ‘फाइव्ह-टेन’ नावाचा दहा वॉटचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात हेच व्हॉल्व्ह होते. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यामुळे ‘बेल’चा शिक्का असलेले ईएल ८४ आणि ईसीसी ८३ जुन्या रेडिओंतून, भंगारातून अजूनही निघतात. आता अशा अ‍ॅम्पची भूक किती ते पाहा. ६.३ व्होल्टच्या हीटर वाइंडिंगवर प्रत्येक ईएल ८४ पाऊण अँपिअर घेतो. एक ईसीसी ८३, एक ईएफ ८६ आणि रेक्टिफायर म्हणून ईझेड ८१ धरला तर एकूण तीन अँपिअर, म्हणजे सुमारे १९ वॉट. हाय टेन्शनवर ३०० व्होल्ट आणि ९० ते १०० मिलिअँप, म्हणजे आणखी ३० वॉटच्या आत. ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरमधली नासाडी धरून सगळे मिळून ५५ ते ६० वॉट. २३० व्होल्टवर हा करंट पाव अँपिअरच्या थोडा वर जातो, कंडेन्सर-इनपुट फिल्टरचे टोकदार झटके धरले तर ०.३ अँपिअर. लाइन २३० वरून २५५ ला चढली तर हा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी वाढेल, म्हणजे ०.३५ च्या आतच राहील. ५०० मिलिअँपचा फ्यूज एवढ्याने वितळत नाही. तो वितळला याचा अर्थ कुठेतरी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट वाहिला, आणि तेवढा करंट एकटी लाइन वाहवू शकत नाही.

याच ठिकाणी पहिला आक्षेप येतो: मग दोन अँपिअरचा फ्यूज घाला, कटकट मिटेल. कटकट खरेच मिटते, पण कशी ते समजून घ्यायला हवे. काचेचे फ्यूज ज्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनतात त्यात रेटिंगच्या दीडपट करंट फ्यूजने निदान तासभर सहन करावा अशी अट असते. म्हणजे दोन अँपिअरच्या फ्यूजमधून तीन अँपिअर, जवळजवळ ६९० वॉट, तासभर जाऊ शकतात. हाय टेन्शनवर शॉर्ट झाला तर ६० वॉटच्या ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारेचा स्वतःचा रेझिस्टन्सच करंटला दीड-दोन अँपिअरवर थोपवून धरतो. फ्यूज शाबूत राहतो आणि ट्रान्सफॉर्मरचे इनॅमल जळून वास सुटतो. फ्यूजच्या जागी वायरमधल्या तांब्याच्या एक-दोन बारीक तारा गुंडाळणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्याच्या खर्चात फ्यूजची अख्खी पेटी येते.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. तार मधोमध तुटून काच स्वच्छ राहिली असेल तर करंट मर्यादेच्या थोडाच वर होता आणि तो काही सेकंद किंवा मिनिटे टिकला. काचेच्या आत काळा किंवा चांदीसारखा लेप चढला असेल तर तार क्षणात वाफ झाली, म्हणजे सरळ शॉर्ट. फ्यूजच्या टोपीवरचा शिक्काही वाचून घ्यावा. ‘एफ’ म्हणजे झटकन उडणारा आणि ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राला ‘टी’च लागतो. खेड्यातल्या दुकानात बरेचदा ‘एफ’ हातात येतो आणि निर्दोष अ‍ॅम्पचाही तो पाच-सहा वेळा चालू करण्यात एकदा बळी जातो. ज्यांचा प्रश्न एवढ्यावरच सुटेल त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

त्यानंतरचा पुरावा म्हणजे वेळ. स्विच दाबताक्षणी फ्यूज गेला तर दोष व्हॉल्व्ह तापण्याआधीच्या भागात आहे: मेनची वायरिंग, ट्रान्सफॉर्मर, हीटर वाइंडिंग, आणि सिलिकॉन डायोड असतील तर ते डायोड व पहिला कंडेन्सर. दहा ते तीस सेकंदांनी गेला तर व्हॉल्व्ह तापल्यावर जो करंट सुरू होतो त्यात गडबड आहे. मात्र ईझेड ८१ सारखा रेक्टिफायर असेल तर तो स्वतः तापायलाच दहा-पंधरा सेकंद घेतो, त्यामुळे कंडेन्सरमधला सरळ शॉर्टसुद्धा उशिरा प्रकट होतो. अशा वेळी चांगला आउटपुट व्हॉल्व्ह नाहक बदनाम होतो. अर्ध्या तासाने गेला तर उष्णतेने बिघडणारे काहीतरी शोधावे, आणि मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात अशा वस्तूंची वानवा नाही. टिनाच्या छपराखाली, ४५ अंशांच्या खोलीत, बंद चेसिसच्या आतली हवा सहज सत्तरीला पोचते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते हे लक्षात घेतले तर ८५ अंशांचा कंडेन्सर इथे का टिकत नाही आणि १०५ अंशांचाच का घ्यावा हे वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष काम. प्लग काढा, थांबा आणि कंडेन्सर रिकामे करा. १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टला आठ जूल साठलेले असतात, छातीतून गेले तर ते पुरेसे आहेत. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची जुनी रीत सोडून द्यावी. २.२ किलो-ओहम, पाच वॉटचा वायरवाउंड रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी पाच सेकंद लावावा, मग मीटरने दहा व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी. चालू यंत्रात मोजायचे तर मीटरची काळी क्लिप आधीच चेसिसला लावून ठेवावी आणि एकच हात आत जाऊ द्यावा. पायाखाली कोरडी फळी हवी. पावसाळ्यात शेणामातीच्या जमिनीवर अनवाणी उभे राहून हे काम करू नये. जुन्या एसी-डीसी रेडिओचे चेसिस थेट लाइनला जोडलेले असते, त्यावर अ‍ॅम्प बांधला असेल तर तो दुरुस्त करत न बसता मोडीत काढावा.

दुसरे साधन सिरीज बोर्ड. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: फेजच्या तारेत बल्बचा होल्डर आणि पुढे सॉकेट. ६० वॉटचा बल्ब घातला की आत पूर्ण शॉर्ट असला तरी पाव अँपिअरच्या वर करंट जातच नाही, बल्ब नुसता पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, तारेचाच हवा. आता तो दुकानात सहज मिळत नसला तरी कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला लोक तो अजून वापरतात, तिथून मिळतो, नाहीतर हॅलोजन चालतो. या पद्धतीवर जाणकारांचा एक रास्त आक्षेप आहे. ६० वॉटच्या अ‍ॅम्पला ६० वॉटच्या बल्बामागून निम्माच दाब मिळतो, हीटर अर्धवट तापतात आणि पूर्ण दाबालाच फुटणारा दोष दिसत नाही. हे खरे आहे, म्हणून बल्बाकडून अंतिम निकाल मागू नये. ढोबळ शॉर्ट पकडायला ६० वॉट, त्यानंतर १०० वॉटचे दोन बल्ब समांतर आणि शेवटी ५०० मिलिअँपचा फ्यूज व मीटर, अशा पायऱ्यांनी गेले की आक्षेपातला दोष उरत नाही.

सगळे व्हॉल्व्ह काढा, ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूच्या सगळ्या तारा सोडवा आणि फक्त प्रायमरी बोर्डवर लावा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. पेटून राहिला तर आधी प्रायमरीही सोडवून पाहा, कारण जुन्या रेडिओंच्या पद्धतीने लाइनवर आडवा लावलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो. त्या जागी मेनसाठीच बनवलेला एक्स-टू वर्गाचा कंडेन्सर लागतो, ६०० व्होल्ट लिहिलेला कुठलाही नव्हे. तो निर्दोष निघाला तर उरतो ट्रान्सफॉर्मर. बाहेरून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरला ११५ व्होल्टच्या दोन प्रायमरी असतात, त्या सिरीजमध्ये जोडताना एकीची दिशा उलटी झाली की गाभ्यातले चुंबकत्व एकमेकांना खोडते आणि फ्यूज क्षणात जातो. स्थानिक कारागिराकडून गुंडाळून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरचा दोष याहून सूक्ष्म असतो. दहा चौरस सेंटिमीटर गाभ्याला ५० हर्ट्झवर व्होल्टमागे पावणेचार वेढे दिले तर चुंबकत्वाची घनता १.२ टेस्लाच्या आसपास राहते. तार वाचवायला तीनच वेढे दिले तर ती २३० व्होल्टलाच १.५ होते आणि २५५ व्होल्टला १.६६. साध्या स्टॅम्पिंगची पट्टी तिथे तुंबते आणि रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा करंट एकदम उसळतो. मध्यरात्री फ्यूज जातो, दिवसा जात नाही, अशी तक्रार बहुधा इथली असते. दिवसा ओळखायची खूण सोपी आहे: काहीही जोडलेले नसताना तासाभरात ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देण्याइतका तापला आणि गुरगुरू लागला तर वेढे कमी आहेत.

जनरेटरवरही हेच घडते आणि तिथे व्होल्टमीटर फसवतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या कंपन्या रात्र-रात्रभर गावोगावी प्रयोग करतात, आणि मंडपात जनरेटरचा आधार असतोच. त्याचा गव्हर्नर ढिला पडून वेग उतरला की फ्रीक्वेन्सी ५० वरून ४५ हर्ट्झवर येते. दाब मात्र कुणीतरी हाताने वाढवून २५० वर आणलेला असतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या दृष्टीने हे ५० हर्ट्झवरच्या २७८ व्होल्टइतके आहे. मीटर म्हणतो ठीक, आणि फ्यूज जातो. इथेही पावणेचार वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर तग धरतो आणि तीन वेढ्यांचा नाही, म्हणून याचेही खापर मी जनरेटरवर पूर्ण फोडणार नाही.

ट्रान्सफॉर्मर निर्दोष ठरला की दुय्यम वाइंडिंग एकेक करून जोडा आणि दरवेळी बल्ब पाहा. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडू नका. हीटर वाइंडिंग जोडताच बल्ब पेटला तर पायलट दिव्याच्या होल्डरकडे आधी पाहावे, त्याचे एक टोक चेसिसला टेकलेले असते. बांधणाऱ्याने वाइंडिंगचा मधला टॅपही जमिनीला दिला असेल तर निम्मे वाइंडिंग शॉर्ट झाले. ५यू४ किंवा ५वाय३ रेक्टिफायर वापरणाऱ्यांनी पाच व्होल्टचे वाइंडिंग कधीही चेसिसला जोडू नये. त्या व्हॉल्व्हची फिलामेंट हीच हाय टेन्शनची धन बाजू असते. सॉकेटच्या पिनांबाबत एक गफलत नेहमी होते: नोव्हल सॉकेटच्या पिना खालून पाहताना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या असतात, वरून मोजल्या की सगळे आरशासारखे उलटते. ईएल ८४ च्या १, ६ आणि ८ या पिना रिकाम्या दिसतात म्हणून त्यांवर रेझिस्टन्सचे सांधे जोडू नयेत. आत त्या कशाला तरी जोडलेल्या असू शकतात आणि डेटाशीटने म्हणूनच त्या वर्ज्य केल्या आहेत. चेसिस उलटे केलेच आहे तर कोपरेही झाडून घ्यावेत. कुंभारीण माशीला टॅग-स्ट्रिपमधली फट घरट्यासाठी फार आवडते, आणि तिची ओली माती ३०० व्होल्टला चांगली वाट करून देते.

आता त्या भागाकडे येऊ ज्याच्यामुळे लाइन सर्वांत जास्त बदनाम झाली आहे: रेक्टिफायर आणि पहिला कंडेन्सर. व्हॉल्व्ह रेक्टिफायर महाग म्हणून १एन४००७ चे दोन डायोड लावतात. त्यांची मर्यादा १००० व्होल्ट. ३००-०-३०० च्या वाइंडिंगवर बंद डायोडला दोन्ही अर्ध्यांचे शिखर, म्हणजे सुमारे ८५० व्होल्ट, झेलावे लागते. कागदावर दीडशे व्होल्टची गुंजाइश दिसते. पण लाइन २५५ झाली की ९४० होतात, आणि व्हॉल्व्ह गार असताना ट्रान्सफॉर्मरवर लोड नसल्याने दाब आणखी आठ-दहा टक्के चढतो, तो हजाराच्या पार. डायोड शॉर्ट होतो, फ्यूज जातो, दोष लाइनला. वास्तविक प्रत्येक बाजूला दोन डायोड सिरीजमध्ये लावले असते तर काहीच झाले नसते, आणि एका डायोडची किंमत चहाच्या कपापेक्षाही कमी आहे. कंडेन्सरचे तसेच. सिलिकॉन डायोडमुळे स्विच दाबताच, व्हॉल्व्ह करंट ओढायच्या आत, दाब शिखरावर पोचतो: २३० व्होल्टला ४२४, २५५ ला ४७०. ४५० व्होल्टचा कंडेन्सर रोज काही सेकंद मर्यादेच्या वर राहतो आणि एके दिवशी फुटतो. दोन कंडेन्सर सिरीजमध्ये घालून प्रत्येकावर २२० किलो-ओहमचा रेझिस्टन्स आडवा टाकणे हा उपाय जुना आहे आणि पक्का आहे. जुन्या रेडिओतून काढलेला, वर्षानुवर्षे पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक तर एकदम पूर्ण दाबाला लावूच नये, त्याच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो.

ईझेड ८१ लावणाऱ्यांना वरच्या दोन्ही गोष्टी फारशा लागू नाहीत, पण त्यांची स्वतःची एक चूक ठरलेली आहे. हम कमी व्हावा म्हणून पहिला कंडेन्सर १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा घालतात. या व्हॉल्व्हची मर्यादा ५० आहे, आणि प्रत्येक प्लेटच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा धरून दोनशे ओहमच्या घरातला रेझिस्टन्स असावा लागतो. दोन्ही पाळले नाहीत तर एरवी बरे चालते. लाइन जाऊन पाच-सात सेकंदांत परत येते तेव्हा मात्र रेक्टिफायर अजून तापलेला असतो आणि कंडेन्सर बराच रिकामा झालेला असतो. त्या क्षणी करंटचा जो लोंढा येतो त्यात व्हॉल्व्हच्या आत निळी ठिणगी पडते आणि फ्यूज जातो. जंगलातल्या लाइनवर हे दिवसातून चारदा घडू शकते आणि म्हणूनच ते लाइनचे पाप वाटते. हम कमी करायचा असेल तर पहिला कंडेन्सर लहान ठेवून त्यापुढे चोक किंवा रेझिस्टन्स आणि मग मोठा कंडेन्सर घालावा, तिथे अशी मर्यादा नाही.

इथपर्यंत बल्ब विझलेला राहिला तर व्हॉल्व्ह परत बसवा आणि खोलीतले दिवे मालवून ईएल ८४ कडे पाहा. करड्या प्लेटच्या मधोमध आधी मंद तांबूस डाग उमटतो आणि मग तो पसरून गाजरासारखा लाल होतो. हे दिसले की ताबडतोब बंद करा. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडला २७० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टन्स असेल तर पिन ३ वर दहा-अकरा व्होल्ट यायला हवेत, म्हणजे ४० मिलिअँप. वीस व्होल्ट आले तर करंट दुप्पट झालेला आहे. शून्याजवळ आले आणि प्लेट तरीही लाल असेल तर रेझिस्टन्सवरचा कंडेन्सर शॉर्ट आहे. करंट दुप्पट झाल्याचे कारण व्हॉल्व्हमध्ये असण्यापेक्षा त्याच्या आधीच्या कपलिंग कंडेन्सरमध्ये असण्याची शक्यता जास्त, विशेषतः या मुलखात. गडचिरोलीत वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चार महिने कपाटातले कपडेही दमट असतात, आणि मेणाचा कागदी कंडेन्सर तेवढा काळ ओल पीत राहतो. तो ओहममीटरवर तपासून चालत नाही. समजा त्यातून दोन मायक्रोअँप गळतात. ३०० व्होल्टला याचा अर्थ १५० मेगओहम, आणि २० मेगओहमच्या रेंजचा मीटर त्याला निखालस चांगला म्हणणार. पण हेच दोन मायक्रोअँप ४७० किलो-ओहमच्या ग्रिड रेझिस्टन्सवर जवळजवळ एक धन व्होल्ट उभा करतात, आणि ईएल ८४ च्या ग्रिडवर एका व्होल्टला प्लेटचा करंट दहा मिलिअँपच्या वर हलू शकतो. म्हणून संशयित ईएल ८४ काढून, बाकी चालू ठेवून, सॉकेटच्या पिन २ वर मोजावे. शून्य हवे. अर्धा व्होल्ट जरी धन दिसला तरी कंडेन्सर बदलावा, आणि नवा पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा, ६३० व्होल्टचा घ्यावा. मोजणी शक्यतो पावसाळी सकाळी, यंत्र गार असताना करावी. तासभर चाललेल्या चेसिसमध्ये ओल सुकते आणि दोष लपतो.

ग्रिड शून्यावर आणि कंडेन्सर नवे असूनही दोन्ही प्लेटा लाल होत असतील तर फीडबॅकची तार सोडवून पाहा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टोके उलटी लागली की उणा फीडबॅक धन होतो आणि अ‍ॅम्प ओरडू लागतो. कधी हे ओरडणे कानाच्या पलीकडच्या फ्रीक्वेन्सीला असते, स्पीकरमधून काही ऐकू येत नाही आणि व्हॉल्व्ह मात्र भट्टीसारखे तापतात. दोन प्लेटांच्या तारांची अदलाबदल हा त्याचा उपाय. स्पीकर न जोडता आवाज वाढवून पाहणाऱ्यांच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन आतून फुटलेले असू शकते, प्रायमरी आणि गाभा यांच्यात मीटर लावून तेही पाहून घ्यावे.

एवढी उठाठेव कशाला, सगळे कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह एकदाच बदलून टाकू, असे म्हणणारे भेटतात. नागपूर-मुंबईत राहणाऱ्याने म्हटले तर एक वेळ समजू शकते, सीताबर्डी किंवा लॅमिंग्टन रोड त्याच्या हाकेच्या अंतरावर आहे. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर, आणि सिरोंच्याहून तर तो विचारही नको. पण पैसा आणि प्रवास बाजूला ठेवला तरी या उपायात तर्काची चूक आहे. वीस सांधे एकदम उघडले तर वीस नव्या चुकांना जागा होते, आणि फ्यूज थांबला तरी तो कशामुळे थांबला हे कळत नाही. वेढे कमी असलेला ट्रान्सफॉर्मर नव्या कंडेन्सरनी बरा होत नाही, तो पुढच्या मध्यरात्रीची वाट पाहतो. नवा ईएल ८४ गळक्या कंडेन्सरपुढे बसवला तर तोही आठवड्यात लाल होतो.

हे सगळे तपासून झाल्यावरही लाइनच्या वाट्याला एक खरा गुन्हा उरतो, तो नाकारू नये. स्विच लाटेच्या नेमक्या शून्यापाशी बंद झाला तर निर्दोष ट्रान्सफॉर्मरही पहिल्या अर्ध्या लाटेत तुंबतो, आणि गार हीटरचा रेझिस्टन्स गरम हीटरच्या पाच-सात पटीने कमी असतो. दोन्हींचा झटका एकत्र आला की ‘टी’ फ्यूजही एखाद्या वेळी जातो. ओळखण्याची खूण म्हणजे यात काही क्रम नसतो. कधी महिनाभर जात नाही, कधी लागोपाठ दोनदा जातो, आणि सिरीज बल्ब दरवेळी चमकून शहाण्यासारखा विझतो. प्रायमरीच्या वाटेत दहा ओहमचा एनटीसी घातला की हा झटका बोथट होतो. पण लाइन जाऊन लगेच परत आली तर एनटीसी अजून तापलेला असतो आणि काही उपयोगाचा राहत नाही. आपल्याकडे तर हेच जास्त घडते. त्यासाठी लाइन गेली की स्वतःहून सुटणारा आणि बटण दाबल्याशिवाय न लागणारा रिले बसवावा. २३० व्होल्ट कॉइलचा रिले आणि एक पुश-बटण एवढ्यात काम होते. लाइन आली तरी अ‍ॅम्प बंदच राहतो आणि मिनिटभर थांबून आपण तो हाताने चालू करतो.

दुरुस्ती झाल्यावर मेनच्या फ्यूजखेरीज हाय टेन्शन वाइंडिंगच्या मधल्या टॅपमध्ये २५० मिलिअँपचा दुसरा फ्यूज घालून ठेवावा, तो ‘टी’ प्रकारचाच. पुढच्या वेळी फक्त हा उडाला तर ट्रान्सफॉर्मर आणि हीटरचा भाग न उघडताच निर्दोष ठरेल. फक्त मेनचा उडाला तर आउटपुट व्हॉल्व्हना हात लावायची गरज नाही. दोन्ही फ्यूजचे रेटिंग चेसिसच्या पाठीवर, होल्डरच्या शेजारी, पुसले न जाणाऱ्या शाईने लिहावे, म्हणजे घरी नसताना कुणी मदतीला धावला तरी तिथे तांब्याची तार गुंडाळणार नाही.